डफ कोणाचा, आवाज कोणाचा?

कलेनें राजकारणाच्या वाऱ्यालाहि उभें राहूं नये, असें एक मत सुशिक्षित कुटुंबांतून मोठ्या आग्रहानें मांडलें जातें. गाणें कानाला गोड लागावें, नाटकानें घटकाभर मन रमवावें, आणि सभा, निवडणुका, हक्क व मोर्चे यांचा गलबला ज्याचा त्यानें चव्हाट्यावर करावा. दिवाणखान्यांत त्याचा शिरकाव नको, असा या मताचा आशय असतो. १४ एप्रिलला रोहें-अष्टमीसारख्या लहान गांवांतूनहि ध्वनिक्षेपकावर भीमगीतें सुरू झालीं, कीं हेंच मत जरा त्राग्यानें व्यक्त होतें. जयंती समजूं शकते, पण गाण्यांत हें राजकारण कशाला, असा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर ऐकूं येतो. प्रश्न विचारणारे दुष्ट नसतात. बहुधा त्यांना तो खरोखरच पडलेला असतो. म्हणून त्याचें उत्तरहि रागानें न देतां, इतिहासाच्या आधारानें शोधलें पाहिजे.

आधीं आपल्या घरांतलींच उदाहरणें घेऊं. १८९४ पासून पुण्यांत सार्वजनिक गणेशोत्सवाला जें रूप आलें, त्यांत मेळ्यांचीं पदें हा एक मुख्य भाग होता, आणि तीं पदें केवळ गजाननाच्या स्तुतीचीं नव्हतीं. १८९६ सालीं याच कुलाबा जिल्ह्यांतील रायगडावर लोकमान्यांच्या उपस्थितींत शिवोत्सव झाला; तोहि निव्वळ पूर्वजांच्या आठवणीपुरता नव्हता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां कीचक म्हणजे कोण आणि सैरंध्री म्हणजे कोण, हें प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. सरकारलाहि तें कळलें, आणि १९१० सालीं त्या नाटकावर बंदी आली. त्या वेळीं आमच्या पणजोबांना 'नाटकांत राजकारण कशाला?' असा प्रश्न पडला नाहीं. उलट, जें वर्तमानपत्रांत उघड लिहितां येत नव्हतें तें नाटकानें सांगितलें, म्हणून त्यांनीं त्याचें कौतुकच केलें. यांतून एक साधा नियम हातीं लागतो. ज्याला सरळ बोलण्याची मोकळीक नाहीं, त्याचें राजकारण गाण्यांत, नाटकांत आणि उत्सवांत वस्तीला येतें. दुसरीकडे त्याला घरच नसतें.

आतां ज्यांना ही मोकळीक दहा-वीस वर्षें नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या नव्हती, अशांचा विचार करूं. जगांतील त्याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाज. आफ्रिकेंतून जहाजांत कोंबून आणलेल्या या माणसांची खरेदी-विक्री गुरांप्रमाणें होई. दक्षिणेकडील अनेक संस्थानांत त्यांना अक्षरओळख करून देणें हाच गुन्हा मानला जात असे. १७३९ सालीं दक्षिण कॅरोलिनांत गुलामांनीं बंड केलें, तेव्हां ते ढोल वाजवीत निघाले होते. पुढच्याच वर्षीं तेथील कायद्यानें गुलामांना ढोल व शिंगें बाळगण्याची मनाई केली. ताणलेल्या कातड्याच्या एका तुकड्यांत काय सामर्थ्य असतें, हें धन्यांनीं बरोबर ओळखलें होतें. ढोल गेला, पण टाळी, पायाचा ठेका आणि कंठ हीं कोणाला काढून घेतां आलीं नाहींत. त्यांतूनच त्यांचीं भक्तिगीतें वाढलीं. बायबलांतील इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यांतून सुटले, ही कथा ते गात. धनी ऐकून संतुष्ट होई, कीं गुलाम धर्मशील झाला. गाणाऱ्याच्या मनांत मात्र मिसर म्हणजे तोच मळा, आणि सुटका म्हणजे स्वतःची सुटका असे.

गुलामगिरी कायद्यानें संपल्यावर १८७१ सालीं फिस्क नांवाच्या कृष्णवर्णीयांच्या विद्यालयांतील कांहीं मुलेंमुली हीं गाणीं घेऊन संस्थेसाठीं वर्गणी जमविण्यास बाहेर पडलीं, आणि पुढें इंग्लंडपर्यंत जाऊन आलीं. शाळा उभी राहिली ती अशी गाण्यावर. परंतु त्याच देशांत दुसरा एक खेळहि जोरांत होता. गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फांसून काळ्या माणसाचें सोंग आणीत. त्याचें बोलणें वेडगळ, चालणें लटपटतें आणि स्वभाव आळशी दाखवून प्रेक्षकांना हंसवीत. अशाच एका सोंगाचें नांव होतें जिम क्रो. पुढें शाळा, आगगाडी, उपाहारगृह, पाण्याचा नळ यांपासून कृष्णवर्णीयांना वेगळें ठेवणारे जे कायदे झाले, त्यांना लोक 'जिम क्रो कायदे' याच नांवानें ओळखूं लागले. करमणुकीचा आणि राजकारणाचा संबंध किती निकटचा असतो, याचा याहून स्पष्ट दाखला शोधूनहि मिळणार नाहीं. थट्टेनें आधीं माणसाला लहान केलें, आणि त्या लहान केलेल्या माणसासाठीं कायद्यानें मागाहून वेगळें दार बसविलें.

म्हणून त्या समाजाच्या गायकांना पुढें गाण्यांतूनच उत्तर द्यावें लागलें. १९३९ सालीं बिली हॉलिडे या गायिकेनें झाडाला लटकविलेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रेतांवरचें गाणें न्यूयॉर्कच्या एका रात्रीच्या उपाहारगृहांत म्हटलें. करमणुकीसाठीं आलेले लोक स्तब्ध झाले. पॉल रोबसन हा धीरगंभीर आवाजाचा गायक-नट उघडपणें हक्कांची भाषा बोलूं लागला, तेव्हां १९५० सालीं अमेरिकन सरकारनें त्याचें पारपत्र रद्द केलें, आणि १९५८ पर्यंत त्याला परदेशीं जातां आलें नाहीं. गाणें जर निरुपद्रवी असतें, तर एका गायकाला आठ वर्षें देशांत कोंडून ठेवण्याचें कारण काय? १९६३ च्या ऑगस्टमध्यें वॉशिंग्टनला जी विराट सभा झाली, तींत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वीं महेलिया जॅक्सनचें भक्तिगीत झालें होतें. व्याख्यान आणि गाणें हीं तेथें दोन निराळीं कामें नव्हतीं.

हें सर्व दूरच्या देशाचें झालें. पण आपल्या भागाला त्याचा एक चमत्कारिक धागा लागून आहे. अष्टमी आणि रोहें हीं कुंडलिकेच्या दोन तीरांवरचीं गांवें, १८६६ पासून एका नगरपालिकेखालीं नांदणारीं. रोहें तालुक्याला लागूनच मुरूड, आणि मुरूडच्या समुद्रांत जंजिरा. तेथले सिद्दी मूळचे आफ्रिकेंतले, म्हणजे हबशी. त्यांच्यापैकीं कित्येकांचे पूर्वज गुलाम म्हणूनच या देशांत आले. परंतु गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, आणि जंजिऱ्याचा किल्ला शिवछत्रपतींना किंवा संभाजी महाराजांनाहि घेतां आला नाहीं. सिद्दींचें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. यामुळें कुलाब्यांत काळ्या कातडीचा माणूस म्हणतांच गुलाम डोळ्यांपुढें येत नसे. तोफा आणि आरमार येई. ज्याला विहिरीवर, देवळांत आणि शाळेंत मज्जाव होता, तो माणूस रंगानें, भाषेनें आणि चालीरीतींनीं आमच्यासारखाच होता. अमेरिकेंत रंग पाहून माणसाला दूर सारीत. येथें जन्म विचारून. खूण निराळी, पण दूर सारण्याची तऱ्हा तीच, ही गोष्ट ज्यांनीं फार लवकर ओळखली त्यांत जोतीराव फुले हे पहिले. १८७३ सालीं त्यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काढलें, तें अमेरिकेंत गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटलेल्या सज्जनांना अर्पण केलें. पुण्यांत बसून लिहिणाऱ्या मराठी माणसाला मिसिसिपीकांठच्या माणसाचें दुःख आपलें वाटलें, ही एकोणिसाव्या शतकांतील लहान गोष्ट नव्हे. पुढें १९१३ ते १९१६ पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, आणि १९४६ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितींतील साम्याचा उल्लेख केला. ड्यू बॉइस यांनींहि आपुलकीनें उत्तर पाठविलें.

आतां महाराष्ट्रांतील डफाकडे वळूं. डफाचें, हलगीचें कातडें ज्यांनीं कमावलें, तें ज्यांनीं वाजविलें आणि ज्यांच्या पायांनीं फड गाजविले, ते बहुतांशीं महार, मांग, कोल्हाटी अशा जातींचे लोक. उत्तर पेशवाईंत लावणीला मोठा राजाश्रय मिळाला. शाहिरांत रामजोशांसारखे ब्राह्मणहि होते. पण नाचणारी आणि वाजविणारा यांची सावली मात्र वर्ज्य. म्हणजे कला चालली, कलावंत चालला नाहीं. देवाच्या पालखीपुढें वाद्य हवें, पण वाजविणाऱ्यानें देवळाच्या पायरीला शिवूं नये. अमेरिकेंतील गोरा श्रोता काळ्या गवयाला टाळ्या देऊन मागच्या दारानें बाहेर घालवी, तशांतलाच हा प्रकार. हा व्यवहार शेंकडों वर्षें चालला, आणि त्यांत राजकारण आहे असें कोणास वाटलें नाहीं. वस्तुतः सर्वांत मोठें राजकारण तेथेंच होतें. फक्त तें मूकपणें चालत असल्यामुळें त्याला रिवाज म्हणत.

या संबंधांत पठ्ठे बापूरावांची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १८६६ सालीं रेठरे हरणाक्ष येथें जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण घरचे. लावणीच्या वेडानें त्यांनीं घर सोडलें, जात सोडली, पवळा या महार समाजांतील कलावतीशीं संसार जोडला आणि तमाशाचा फड अपूर्व रंगविला. १९४५ सालीं पुण्यांत विपन्नावस्थेंत त्यांचा अंत झाला. त्यांच्या त्यागाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तथापि महाडच्या लढ्यासाठीं त्यांनीं फडाच्या उत्पन्नांतून मदत देऊं केली, तेव्हां बाबासाहेबांनीं ती नाकारली, अशी हकीगत चळवळीच्या इतिहासांत सांगितली जाते. आमच्या समाजाच्या स्त्रिया नाचवून मिळविलेला पैसा आमच्या मुक्तीसाठीं नको, असा त्या नकाराचा अर्थ होता. प्रथमदर्शनीं हें कठोर वाटतें. एका माणसानें सर्वस्व सोडून अस्पृश्यांत येऊन राहावें आणि त्याचें दानहि घेऊं नये? पण थोडें खोल पाहिलें म्हणजे त्यांतील मुद्दा ध्यानांत येतो. बापूरावांनीं सोडलेली जात त्यांच्या इच्छेची गोष्ट होती. बोर्डावर उभ्या राहणाऱ्या मुलीला तशी निवड नव्हती. व्यक्ति उदार असली तरी व्यवस्था तीच राहूं शकते. बाबासाहेबांचा नकार त्या व्यवस्थेला होता.

महाडची परिषद म्हणजे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. ती १९ व २० मार्च १९२७ ला भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलनें १९२३ सालींच संमत केला होता, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या कारकीर्दींत महाडच्या नगरपालिकेनें त्याला मान्यताहि दिली होती. पण ठरावानें तळ्याचें पाणी ओंजळींत येत नाहीं. २० मार्चला हजारों लोक चालत चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. २५ डिसेंबरला मनुस्मृति जाळण्याचा जो ठराव झाला, तो मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानें ब्राह्मण होते, आणि ब्राह्मणांना या लढ्यांत घेऊं नये अशी अट कांहीं मंडळींनीं घातली असतां बाबासाहेबांनीं ती साफ फेटाळली होती. तळ्याच्या हक्काचा न्यायालयीन निकाल लागण्यास मात्र १९३७ चा मार्च उजाडला.

आतां प्रश्न असा, कीं महाडांत काय घडलें तें पेणच्या खाडीकांठच्या किंवा नाशिकच्या डोंगराआडच्या माणसाला कळावें कसें? 'मूकनायक' १९२० सालीं व 'बहिष्कृत भारत' १९२७ सालीं निघालें. परंतु ज्या समाजाला शाळेची पायरी चढूं दिली नव्हती, त्यांत वाचणारे किती असणार? व्याख्यान ऐकावें तर वक्ता गांवोगांव पोंचणार किती? हें काम जलशांनीं केलें. त्यांचा आराखडा सत्यशोधक समाजानें आधींच घालून दिला होता. तमाशाचा सांगाडा तोच ठेवावयाचा, ढोलकी आणि तुणतुणें तींच, पण आंतील जीव बदलावयाचा. आंबेडकरी जलशांत गणाच्या जागीं नव्या वंदना आल्या. गौळणींतील चेष्टा गेली. वगांत राजा-राणीऐवजीं गांवचा पाटील, सावकार, शिकलेला मुलगा आणि दारूच्या नादीं लागलेला बाप हीं पात्रें आलीं. स्त्रीला नाचवून पैसा करण्याची रीत टाकली. मृत गुराचें मांस सोडा, मुलामुलींना शाळेंत घाला, गांवकीच्या वेठीचीं कामें नाकारा, हा उपदेश सवालजबाबांतून आणि विनोदांतून होई. नाशिककडील भीमराव कर्डक हे या जलशांचे एक मोठे प्रवर्तक. त्यांनींच पुढें या जलशांच्या स्वरूपाविषयीं व कार्याविषयीं पुस्तक लिहून ठेवलें. आपलीं दहा भाषणें आणि यांचा एक जलसा सारखाच, असें बाबासाहेब म्हणाल्याची आठवण जुने जलसेकार अभिमानानें सांगत आले आहेत.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. गांवकीचें काम म्हणून मिरवणुकीपुढें वाजविण्यास अनेक ठिकाणीं महारांनीं नकार दिला, आणि त्याच सुमारास जलशांत ढोलकी आनंदानें वाजूं लागली. वाद्याचा तिटकारा आला होता असें नव्हे. हुकमानें वाजविणें आणि स्वतःच्या मनानें वाजविणें यांतील अंतर त्या माणसांना कळलें होतें. नकार हेंहि राजकारण, आणि वादन हेंहि राजकारण. १९३६ सालीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. त्याच्या प्रचारांत जलसे होते. १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें विधेयक बाबासाहेबांनीं कायदेमंडळांत आणलें, आणि १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतले शेतकरी मुंबईस कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. त्या आधीं अलिबागजवळच्या चरी गांवीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांचा संप सुरूच होता. तो १९३३ पासून जवळ जवळ सहा वर्षें टिकला. खोत पुष्कळदां आमच्याच जातीचे असत, हेंहि प्रांजळपणें म्हटलें पाहिजे.

स्वातंत्र्याच्या सुमारास या परंपरेंत दोन मोठे कंठ पुढें आले. अण्णाभाऊ साठे हे वाटेगांवच्या मांग कुटुंबांत १९२० सालीं जन्मले. शाळा त्यांच्या वाट्याला जवळ जवळ आलीच नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत ते शिकले. अमर शेख व गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ सालीं त्यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. त्यांच्या वगनाट्यांत आरंभींचें वंदन देवाऐवजीं मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना असे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत या शाहिरांचीं कवनें ऐकण्यास पांढरपेशी मंडळीहि हजारोंनीं जमत, आणि कोणी 'गाण्यांत राजकारण कशाला?' असें विचारीत नसे. मागणी आपली होती, म्हणून गाणें सुंदर वाटलें. दुसरे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यांतील देशवंडी येथें १९२२ सालीं त्यांचा जन्म झाला, आणि मोठेपणीं ते अक्षरें शिकले. २००४ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं गांवोगांव पायपीट करून गीतें रचलीं आणि गाइलीं. त्यांच्या गीतांत बाबासाहेबांची स्तुति आहे, तशीच आपसांत फुटणाऱ्या स्वकीय पुढाऱ्यांची कानउघाडणीहि आहे. ज्या घरांत एकहि छापील पुस्तक नव्हतें, त्या घरांतील मुलांनीं घटना, शिक्षण आणि समता हे शब्द प्रथम त्यांच्या चालींवर ऐकले.

अमेरिकेशीं असलेला धागा पुढें आणखी घट्ट झाला. औरंगाबादेंत म. ना. वानखडे अमेरिकेंत शिकून परतले, गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'नें लेखकांची पिढी घडविली, आणि जनार्दन वाघमारे यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठींत ग्रंथ लिहिला. १९६६ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें ब्लॅक पँथर पक्ष निघाला होता. १९७२ च्या मे महिन्यांत मुंबईला दलित पँथर स्थापन झाली, ती नांवासकट तेथून स्फूर्ति घेऊन. तिचे संस्थापक नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तिघेहि लेखक-कवि, हें विसरतां कामा नये. ढसाळांचें 'गोलपिठा' त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. ज्या वस्तीचें नांव घेतांना आपण आवाज उतरवितों, तिची भाषा त्यांनीं मराठी कवितेंत जशीच्या तशी आणली. वाचतांना अंगावर कांटा येतो. पण तो यावा हाच त्या कवितेचा हेतु आहे.

एवढ्यावरून लोकांची कला म्हणजे नेहमीं शुद्ध बंडाचीच ध्वजा, असा समज करून घेणें मात्र चुकीचें होईल. जमैकांत जन्मलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनीं कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय कलेविषयीं हाच इशारा दिला आहे, कीं ती एक ओढाताणीची जागा आहे. तेथें प्रतिकार असतो, तशीच बाजाराची तडजोडहि असते. आपल्याकडे ध्वनिफितींचा काळ आला, तेव्हां भीमगीतांचाहि मोठा बाजार झाला. एका बाजूनें गरिबाच्या झोंपडींत गाणें पोंचलें. दुसऱ्या बाजूनें चाल सिनेमाची आणि शब्द कसेहि, असें पुष्कळ पीक आलें. राजकीय पक्षांनीं गायकांना व्यासपीठें दिलीं आणि त्या बदल्यांत त्यांच्याकडून स्तुतिगीतें मागितलीं. कानठळ्या बसविणारा आवाज हा ज्ञानाचा मार्ग नव्हे, ही तक्रार त्याच समाजांतील विचारी माणसें आपल्यापेक्षां अधिक कळकळीनें करतात. ती तक्रार करण्याचा अधिकारहि प्रथम त्यांचाच आहे.

आणि कलावंताची किंमत? ११ जुलै १९९७ ला मुंबईंत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि पोलिसांच्या गोळीबारांत दहा माणसें मेलीं. त्यानंतर चारच दिवसांनीं विलास घोगरे या लोकशाहिरानें आपल्या झोंपडींत गळफास घेतला. आयुष्यभर तो डाव्या चळवळींत कष्टकऱ्यांचीं गाणीं गात आला होता; मृत्युसमयीं त्याच्या डोक्याला निळें कापड बांधलेलें होतें. त्याच्यापासून आरंभ करून आनंद पटवर्धन यांनीं 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट २०११ सालीं पुरा केला. गाणें ज्यांना केवळ करमणूक वाटतें, त्यांनीं तो एकदां कुटुंबासह पाहावा. मुलें प्रश्न विचारतील, आणि वडील माणसांना उत्तरें द्यावीं लागतील. तें बरेंच होईल.

आपल्या घरांतील एक साधी विसंगतीहि येथें नमूद केली पाहिजे. प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजांतील विठ्ठलाचीं आणि गणपतीचीं गाणीं आषाढांत, भाद्रपदांत घरोघर लागतात. त्यांच्यावांचून उत्सव अपुरा वाटतो. त्याच कंठानें भीमगीतेंहि गाइलीं आहेत. गळा तोच, ढोलकी तीच, तळमळहि तीच. पण एक गाणें लागलें कीं आपण हात जोडतों, आणि दुसरें लागलें कीं खिडकी लावतों. तेव्हां आक्षेप मोठ्या आवाजाला आहे, राजकारणाला आहे, कीं त्या आवाजानें आपल्याविषयीं जें सांगितलें त्याला आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें. आवाज मोठा असेल तर तो कमी करण्याची विनंति शेजारधर्मानें करतां येते, आणि ती आपल्या गणपतीच्या मिरवणुकीलाहि लागू करावी. पण विनंतीच्या आडून जर ऐकण्याचाच कंटाळा येत असेल, तर तो कंटाळा जुन्या रिवाजाचाच वंशज आहे.

कोणी म्हणेल, कीं कला ही शेवटीं सौंदर्यासाठींच असते. हक्कांच्या भांडणांत ती लवकर शिळी होते. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. प्रासंगिक गीतें प्रसंगाबरोबर जातात. मेळ्यांचीं पदेंहि आज कोणास आठवत नाहींत. परंतु दास्यांतल्या कृष्णवर्णीयांनीं म्हटलेलीं भक्तिगीतें आज साऱ्या जगाच्या संगीताचा पाया झालीं आहेत, आणि देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांचे अभंग सहा-सातशें वर्षें टिकले आहेत. टिकलें तें यासाठीं, कीं त्या शब्दांना खऱ्या दुःखाचा आधार होता. सौंदर्य आणि न्याय यांचें वैर आहे, ही समजूत ज्यांना न्याय मागण्याची गरज कधीं पडली नाहीं अशांच्या घरांतच वाढते.

संयुक्त कुटुंबांत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. ज्याच्या हातचें खावयाचें, त्याला पंक्तींतून उठवावयाचें नाहीं. कलेचेंहि तसेंच आहे. आपण पिढ्यान् पिढ्या या डफाचा ताल भोगला आहे. लग्नांत, जत्रेंत, नाटकांत आणि आतां चित्रपटांतहि. तो वाजविणाऱ्या माणसाला कांहीं म्हणावयाचें आहे, आणि तें त्यानें डफावरच म्हणावें हें स्वाभाविक आहे. कारण दुसरें साधन आपण फार काळ त्याच्या हातीं लागूंच दिलें नव्हतें. ताल आपला आणि म्हणणें त्याचें, अशी वांटणी आतां चालणार नाहीं. डफ ऐकावयाचा असेल, तर तो वाजविणारा काय म्हणतो तेंहि बसून ऐकलें पाहिजे.